दोन्ही हात मोकळे

रणजितची घोडी बारामतीकडं निघाली की दत्तोबा हातातलं काम टाकून बांधावर येऊन उभे राहत.

घोडी म्हणजे गाडी. लाल, लांब नाकाची, पुढच्या जाळीवर धावता घोडा असलेली अमेरिकन मोटार. तालुक्यात अजून मारुतीचंही अप्रूप होतं, त्या दिवसांतली गोष्ट. रणजितच्या सासऱ्यानं मस्कतची नोकरी संपवून येताना ती बोटीतून आणली आणि तिथंच वाढलेल्या लेकीबरोबर जावयाच्या दारात पाठवली. जातीची शर्यतीची गाडी, पण पणदरे गावात येऊन संसाराला लागली. डिकीत दुधाच्या किटल्या, टपावर वैरणीचे भारे, मागच्या सीटवर पेंडीची पोती. ओढ्यात पोट घासायची. पण सडकेला लागली की तिच्या आवाजानं झाडावरची पाखरं उठायची.

दत्तोबा मात्र बघायचे ते गाडीला नव्हे, रणजितला. तो उजव्या खिडकीत कोपर काढून बसलेला असे. गाडी वाऱ्यासारखी चाललेली, आणि हा दोन्ही हातांनी तंबाखू मळतोय, चुन्याची डबी झाकतोय, एखाद्या दिवशी पेपर उघडून बसलाय. गाडी तरी सुतात. समोरून उसाचा ट्रक आला तरी रेषा सोडत नसे.

"माणूस हाय का कोण हाय," दत्तोबा घरी येऊन सांगत. "मला ट्रॅक्टरला दोन हात पुरत न्हाईत. ह्यो बिनहाताचा पळवतोय."

"गुडघ्यानं चाक धरत आसंल," त्यांची बायको कुशाबाई म्हणे.

"मग त्या गुडघ्याला माझा नमस्कार."

दत्तोबांना माणसं जोखायची खोड होती. प्रत्येकाच्या नावावर मनात जमा आणि खर्च. रणजितच्या जमेला हे हात. खर्चाला बाब एकच, पण मोठी: गडी बाईलवेडा. बायको शेजारी बसल्याशिवाय गाडी काढत नसे. दूध घालायला ती, खत आणायला ती. सुप्रिया इंदापूरला माहेरी गेली की घोडीवर ताडपत्री पडे आणि हा यष्टीच्या दांडीला लोंबकळत बारामती गाठे.

"बायकू नसली की पेट्रोल कडू लागतं का रं?" दत्तोबांनी त्याला एकदा फाट्यावर विचारलं.

"व्हय तात्या," रणजित म्हणाला. "तिच्याबिगर हलावंसं वाटत न्हाय."

एवढी लाडाची बायको, तर ती कुणाला दिसावी? तेही नाही. सासू सिंधुबाई जुन्या वळणाची. घरची सून रस्त्याला दिसता कामा नये. म्हणून रणजितची खिडकी सोडून बाकी काचा काळ्या, पुढच्या काचेला डोळ्यांपर्यंत येणारी झालर, आणि सुनेचं चढणं-उतरणं कंपाउंडच्या आत. डेअरीवर रणजित उतरे, किटल्या काढी. ती गाडीतच.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी उसाच्या फडात पाचट गोळा करताना कुशाबाईला घोणस चावली.

गड्यांनी बाजेवर घालून तिला सडकेपलीकडं रणजितच्या अंगणात आणलं. पाय टम्म सुजला होता. घोडी समोरच उभी, तोंड फाटकाकडं करून.

"काढ गाडी," दत्तोबा म्हणाले.

रणजितनं कुशाबाईला उचलून मागच्या सीटवर घेतलं, दत्तोबांना तिच्याजवळ कोंबलं आणि स्वतः मात्र फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"काय बघतोस?"

"सुप्रिया विहिरीवर गेलीया धुणं घिऊन. सांगावा धाडलाय. येतीयाच."

दत्तोबांना आधी उमगलंच नाही. मग उमगलं.

"हितं माझी बाई चाललीया, आन् तुला शेजारी बायकू पायजे?"

"तिच्याबिगर न्हाय निघायची गाडी, तात्या."

"आरं, माणूस हायस का..." त्या घडीला रणजितचं सगळं खातं त्यांनी आडवी रेघ मारून बंद केलं.

सुप्रिया पळतच आली, गुडघ्यापर्यंत साडी ओली. ती डावीकडून चढली, रणजित उजवीकडून. दारं आपटली आणि घोडी अशी सुटली की दत्तोबा सीटला चिकटले.

नंतर त्यांनी मान वर केलीच नाही. बायकोचं डोकं मांडीवर, तोंड तिच्या कानाशी. "कुशे, झोपू नगंस. बोल. शिव्या दे मला." गाडी एकदाही डचमळली नाही. वळणं आली ती पाण्यावरून घसरत गेल्यासारखी. कुठंतरी दोन ट्रकांचे भोंगे एकदम वाजले आणि लगेच मागं पडले.

"इमान हाय का काय ह्ये?" कुशाबाई पुटपुटली.

बारामतीच्या दवाखान्यात रणजितनंच तिला उचलून आत पळवलं. सुप्रिया नेहमीसारखी गाडीतच राहिली.

दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. "धोका टळला. वेळेत आणलंत."

दत्तोबा ओसरीवरच्या बाकावर रणजितशेजारी मटकन बसले. बराच वेळ त्याच्या हातांकडं बघत राहिले. त्या हातांचं तंबाखू मळणं चालूच होतं.

"मनात लई शिव्या दिल्या तुला."

"द्या की. घरचंच माणूस तुमी."

"आता ऐक. ज्या हातांनी आज गाडी आणली, त्या हातात मी चांदीचं कडं घालणार. न्हाय म्हणू नगंस."

रणजितनं चिमूट ओठात धरली. "घाला की तात्या. फकस्त जरा बारीक मापाचं करा."

एवढ्यात ॲम्ब्युलन्स आली आणि भोंगा वाजवायला लागली. घोडी दारात आडवी उभी होती.

"लाल गाडी कुणाची? मागं घ्या," वॉचमननं हाक दिली.

दत्तोबांनी रणजितला कोपरानं ढोसलं. रणजित बाकावरून हलला नाही.

घोडी मात्र गुरगुरली. दत्तोबांच्या डोळ्यांदेखत ती आपली आपण मागं सरली, भिंत आणि रिक्षा यांच्यामधल्या जेमतेम गाडीभर फटीतून उलटी, सुतात, आणि लिंबाखाली जाऊन थांबली. मग तिचं डावीकडचं दार उघडलं, आणि आतल्या चाकामागून, वाळत आलेल्या साडीचा पदर डोक्यावर घेत, किल्ली बोटात फिरवत सुप्रिया उतरली.