ओलं ताट

धाकटी सून एप्रन खुंटीला अडकवत होती, तेवढ्यात लॅबचे साहेब दारात येऊन उभे राहिले. पूर्ण दिवसाची जागा निघालीय, हवी असेल तर संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणाले. नाहीतर ते बाहेरून कुणीतरी आणणार होते.

पूर्ण दिवस! संध्याकाळी सांगते, एवढंच म्हणून धाकटी घाईने निघाली. ती एमएस्सी झालेली. शिकायला मोठ्या शहरात होती, तिथे बायका दिवेलागणीपर्यंत काम करायच्या आणि कुणी चकार शब्द काढत नसे. या गावात मात्र पदवी असो नाहीतर नसो, बायकांचा कामाचा दिवस घरच्या जेवणासाठी बाराला संपायचा. थोरली जाऊ आठवीतच शाळेतून बाहेर पडलेली, शिवणाच्या कारखान्यात कामाला. तीही बारालाच घरी. एवढं शिकून आपण काय दिवे लावले, असं धाकटी अधूनमधून स्वतःलाच विचारायची.

दोघींना घरी ओढून नेणारं कारण एकच, सासूबाई. सुना आल्याशिवाय त्या ताटावर बसत नसत. आणि बसल्या तरी काय, दोन घास चिवडायच्या नि पुरे म्हणायच्या. सुनांच्या जिवाला घोर लागला होता. डॉक्टरांकडून भुकेचं औषध आणलं. सासूबाई नाक मुरडून ते प्यायच्या, पण फरक म्हणाल तर शून्य. समोर बसून आग्रह केला नाही तर ही बाई उपाशी राहील, यावर दोघींचं एकमत होतं. एरवी या जावांचं कशावरही एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही.

फाटकापाशी थोरली भेटली, तोंड एवढंसं करून. कारखान्यात तिला कापड कापायचं टेबल सांभाळायला देत होते, तेही पूर्ण दिवस, आणि ती चक्क नको म्हणून आली होती. धाकटीला हसू आणि रडू एकदमच आलं.

दोघी आत गेल्या. मोरीपाशी रोजच्यासारखं एक ताट धुऊन उपडं घातलेलं होतं, अजून ओलं. सासूबाईंची टापटीपच तशी. थोरलीने तेच ताट पुसून त्यांच्यापुढे मांडलं. भात वाढता वाढता धाकटीच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

काय झालं, म्हणून सासूबाईंनी विचारलं, तेव्हा तिने दोघींचंही भडाभडा सांगून टाकलं. वर हेही, की तुम्ही काळजी करू नका, आम्ही कुठे जात नाही.

सासूबाईंनी ताट हळूच बाजूला सारलं.

"उद्यापासून दोघी डबे घेऊन जा," त्या म्हणाल्या. "आणि ते भुकेचं औषध आधी मोरीत ओता."

"पण आई, तुमचं जेवण?" थोरली कळवळली.

सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अगं, तुम्ही यायच्या आत मी पोटभर जेवलेली असते. एवढ्या उन्हातान्हाच्या धावत येता, तुमचं मन मोडायला नको म्हणून रोज परत बसते."