लाल झाकणाचं सिंहासन

जेवणाच्या टेबलावर लेकीने रचलेलं राज्य पसरलं होतं: कागदावर नद्या, काडेपेट्यांचे किल्ले आणि सिंहासन म्हणून बाटलीचं लाल झाकण. या खेळाला भातुकली म्हणणारी आई आज राणी झाली होती. राजकारणात केस पिकलेली नगरसेविका ती. राज्य चालवणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ. खेळातल्या सेनापतीने बंड पुकारल्याचं लेकीने जाहीर करताच आई म्हणाली, "दोन किल्ले देऊन फोडते त्याला." "तो फुटणार नाही, आई. दुष्काळात तू धान्य राजधानीला वळवलंस, तेव्हा उपाशी मेलं ते त्याचंच गाव." आईने सगळे डाव टाकले, पण लेकीच्या राज्यात कोणी काही विसरतच नव्हतं. शेवटी झाकण सेनापतीकडे सरकलं. "फेरमोजणी मागणार ना?" लेकीने डिवचलं. हरल्यावर हमखास फेरमोजणी मागणारी आई खिडकीतून शेजारणीला ओरडून म्हणाली, "ऐकलंत? माझ्या पोरीने मला चारी मुंड्या चीत केलं!"