मालोजीची हजेरी

यामिनीने एंटर दाबलं आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. तिच्या मागे दोन खुर्च्या होत्या. एकीवर तिचे वडील श्रीराम पोंक्षे, बंद पडलेल्या मिलच्या टाइम ऑफिसमधले बाबू. दुसरीवर सुमनबाई. तिचा नवरा मालोजी त्याच मिलच्या रंगखात्यात होता. सहा वर्षांपूर्वी वाफेचा नळ फुटून तो भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला. मिलने लिहून दिलं, की त्या दिवशी तो कामावर नव्हताच. दारू पिऊन आत शिरला होता. भरपाईसाठी सुमनबाईची केस अजून कोर्टात चालू होती.

टाइम ऑफिसची हजेरी रोज फ्लॉपीवर उतरवली जायची, हे सुमनबाईला आता कुणाकडून तरी कळलं होतं. म्हणून ती रविवारी दुपारी पोंक्ष्यांच्या घरी आली. श्रीरामांनी फ्लॉपी आहे हे नाकारलं नाही. ती उघडत मात्र नाही, एवढं सांगितलं. तिच्यावरचा हजेरीचा प्रोग्राम जुन्या विंडोजवरचा, पलासियातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवला होता, नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही म्हणाले. यातलं काहीच खोटं नव्हतं. मुलगी मधे पडेल, हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं.

यामिनीच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्हतंच. फुकट मिळणारं लिनक्स होतं, आणि ऑफिसातही ती त्याच्यावरच काम करायची. तिने सुमनबाईला समजेल असं सांगितलं. लिनक्सच्या आत एक दुसरं मशीन उभं करायचं, नुसतं सॉफ्टवेअरचं. त्याच्यात जुनं विंडोज टाकायचं आणि त्याच्यावर बाबांचा प्रोग्राम. सुमनबाईने मान हलवली. तिला फक्त उघडेल की नाही, एवढंच हवं होतं.

त्या मशीनचा इन्स्टॉलर एकेक प्रश्न विचारत होता, यामिनी एंटर दाबत होती. सातव्या की आठव्या प्रश्नाला तो थांबला आणि बंद पडला.

"नसेल होत तर राहू दे," श्रीराम लगेच म्हणाले.

सुमनबाईने पायाजवळची पिशवी उचलली.

"बसा काकू. कर्नलच्या, लिनक्सच्या गाभ्याच्या फाइली मागतोय फक्त, दुसऱ्या सीडीवर आहेत." यामिनीने सीडी बदलली, फाइली टाकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी तो शेवटपर्यंत गेला. मग जुनं विंडोज चढायला पाऊण तास लागला. तेवढ्यात चहा झाला. सुमनबाई कोर्टाचं काही बोलली नाही. सुनंदाचं, आपल्या मुलीचं सांगत होती. सासर हातोदला. माणसं वाईट नाहीत. पण भाजीत मीठ जास्त पडलं तरी सासू म्हणते, दारुड्याचीच पोर ना. सुनंदा उलटून बोलत नाही, कारण काय बोलावं हे तिलाही माहीत नाही. मालोजी पीत नव्हता असं नाही, होळी-दिवाळीला घ्यायचा. त्या दिवशी मात्र डबा घेऊन पहिल्या पाळीला गेला होता.

श्रीरामांचा चहा कपातच राहिला.

पडद्यावरच्या एका चौकटीत जुनं, हिरवट विंडोज उघडलं. यामिनीने फ्लॉपी घातली. ड्राइव्ह दोनदा खरखरला. निळ्या पडद्यावर मिलचं नाव आलं आणि खाली एक रिकामी जागा.

"पासवर्ड, बाबा."

सहा वर्षं झाली होती. श्रीरामांनी विसरलो म्हटलं असतं, तर दोघींनीही मानलं असतं. यामिनीने मागे वळून पाहिलं. त्यांची नजर पडद्यावर होती. मग ते उठले, तिला सरकायला सांगितलं आणि एका बोटाने अक्षरं दाबत त्यांनी स्वतःच पासवर्ड घातला. तारीखही त्यांनीच टाकली. ती कुणाला विचारावी लागली नाही.

ओळ सापडली. सगळं इंग्रजीत होतं. सुमनबाई चौकटीजवळ वाकली.

"काय लिहिलंय बेटा?"

यामिनीने वाचलं होतं. मालोजीच्या नावापुढे दोन नोंदी होत्या. सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी हजर. संध्याकाळी पाच चाळीसला ती बदलून गैरहजर. शेवटी बदल करणाऱ्याची आद्याक्षरं होती, एस. पी.

"हजर होता," श्रीराम म्हणाले. "सातला आत आला. संध्याकाळी मॅनेजरने सांगितलं, आणि मी गैरहजर केला."

का केलं, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सुमनबाईने आपल्या नवऱ्याचं नाव कुठं आहे ते यामिनीला विचारलं. यामिनीने बोट ठेवून दाखवलं. सुमनबाई त्या अक्षरांकडे बघत राहिली.

"कागदावर निघेल?"

यामिनीने प्रिंट काढली. सुमनबाईने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली. श्रीराम खाली बघून म्हणाले, की वकील म्हणेल त्या तारखेला ते कोर्टात उभे राहतील, जे आत्ता सांगितलं तेच सांगतील.

"कोर्टाचं नंतर बघू, बाबूजी," सुमनबाई म्हणाली. "आधी सुनंदाच्या सासरी चला. सगळे बसलेले असतील तेव्हा हेच बोला. हातोदची बस आहे ना अभी, साडेचारची."

श्रीरामांनी घड्याळ बघितलं नाही. आत जाऊन शर्ट चढवला आणि चपला पायात सरकवल्या.

यामिनी खिडकीशी आली. खाली रस्त्याला ऊन होतं. सुमनबाई पुढे चालली होती, मागे वळून न बघता. चार पावलं मागे बाबा होते. कोपऱ्यावर त्यांचा वेग कमी झाला, आणि मग त्यांनी ते अंतर भरून काढलं.