नाका पार होईपर्यंत

मे महिन्यात, सकाळी दहा वाजता, सत्यभामा तीन स्वेटर घालून ऑटोत बसली. आत निळा, त्यावर मरून, आणि सगळ्यात वर गेलेल्या नवऱ्याचा राखाडी, चेनचा. बूढापाऱ्यातल्या गल्लीत दोन स्कूटरवाले थांबून पाहू लागले. एरवी तिच्या मुलीने, दीपमालाने, भांडून एक तरी काढायला लावला असता. आज तिच्यात तेवढा जीव नव्हता. आईला विसर पडू लागल्यापासून चार वर्षे ती एकटी तिच्या मागे धावत होती आणि आता दमली होती. हे कबूल करायची लाजही मागे पडली होती.

"कुठं चाललो?" आईने विचारले.

"लुंबिनीले."

हे खोटे होते. ऑटो तेलीबांध्याच्या पुढे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेकडे चालला होता. महिनाभर ठेवून पाहायचे ठरले होते. भाऊ धम्मदीप फोनवर हो म्हणाला होता. त्याला तेवढे सोपे होते. हल्ली आई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची ती फक्त लुंबिनीच्या नावावर. दीपमालाने ते नाव वापरले. आई रडली तर मात्र त्याच ऑटोने परत आणायचे, एवढे तिने मनाशी पक्के केले होते.

"स्वेटर जातानी नाई घालत, आई. येतानी घालतो."

"जाऊन तं कवाचेच आलो," आई म्हणाली. "आता वापस चाललो."

दीपमालाने आईची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

तिचे बाबा, तुळशीराम, रेल्वेत फिटर होते. पास होता तो भारतातल्या रुळांपुरता. त्यामुळे शेवटच्या स्टेशनावर उतरून जिथवर जाता येईल तेवढाच या घराचा विदेश. नौतनव्याला उतरायचे, सोनौलीचा नाका ओलांडायचा, की नेपाळ. असे घरचे सगळे तीनदा लुंबिनीला गेले. एकदा बसच्या टपावर बसून, एकदा बस बंद पडली म्हणून उसाच्या बैलगाडीतून, एकदा धम्मदीपला तापात पाठीवर घेऊन. परतल्यावर महिनाभर कॉलनीत यांची मान ताठ असे.

परतीच्या वाटेवर बाबा बाजारातून स्वेटर, जर्किनी घ्यायचे. नाक्यावर कस्टमवाले सामान उघडायला लावत, म्हणून घेतलेले सगळे अंगावर चढवायचे. एका कुटुंबाकडे इतके कपडे दिसले तर साहेब अडवणार, म्हणून प्रत्येकाने वेगवेगळे चालायचे. कोणी कोणाला ओळख दाखवायची नाही. साहेबाने विचारलेच तर म्हणायचे, "नहीं साब, रास्ते में मिले." आईने पदर डोक्यावर घेतला की समजायचे, सगळे ठीक आहे, चालत राहा. आणि जो आधी पार होईल त्याने पलीकडच्या टपरीवर सगळ्यांचा चहा सांगून थांबायचे.

आठ वर्षांची दीपमाला घामाने निथळत, परक्या बायकांच्या घोळक्यातून एकटी चालत गेली होती. न राहवून तिने एकदा मागे पाहिले. आईने तिच्याकडे भिंतीकडे पाहावे तसे पाहिले, आणि पदर डोक्यावर घेतला. ही गोष्ट दीपमाला ऑफिसात नेहमी हसवून सांगायची. टपरीवर पोचल्यावर आपण किती रडलो, ते सांगायची नाही.

संस्थेच्या ऑफिसात सोनिया नावाची मुलगी टेबलामागे बसली होती. तिने आईची पिशवी उघडली. साड्या, टॉवेल, औषधे, चष्म्याचे घर, एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली आणि कागदावर लिहून घेतली. आई ताठ उभी राहून ते पाहत होती. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण स्वेटरची चेन तिने गळ्यापर्यंत लावून घेतली होती.

इथे येणाऱ्याला घरचे माणूस ओळखू येत असेल तर पहिले काही दिवस फार जड जातात, असे सोनियाने हलक्या आवाजात दीपमालाला सांगितले. मग ती आईकडे वळली.

"अम्मा, ये कौन हैं आपकी?"

आईने दीपमालाकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"नहीं साब," ती म्हणाली. "रास्ते में मिली."

सोनियाने समजल्यासारखी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिले. दीपमालाला फार वाईट वाटले. त्यातच थोडे सुटल्यासारखेही वाटले, आणि त्याचे जास्त वाईट वाटले.

आईचा हात मात्र गळ्याशी काहीतरी शोधत होता. पदर तीन स्वेटरांखाली दबला होता. तिने तो कॉलरमधून थोडा थोडा ओढून बाहेर काढला, नीट केला आणि डोक्यावर घेतला. मग ती समोरच्या भिंतीकडे पाहू लागली.

दीपमालाने सही केली. ती दारातून बाहेर पडली, अंगण ओलांडले, फाटक ओलांडले. मागे पाहिले नाही.

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला तिने जायला सांगितले. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर बसून तिने दोन चहा सांगितले. टपरीवाल्याने एक ग्लास तिच्यापुढे ठेवला आणि दुसराही आत्ताच भरू का, असे विचारले.

"रुक जाओ, भैया," फाटकाकडे बघत ती म्हणाली. "वो अभी नाके पे है."