पेटीचा भाव

सिद्धेशने मोबाइल टेबलावर ठेवला आणि समदकडे फिरवला.

"काका, यात सगळं दिलंय. या गाडीवर डीलरला कंपनीकडून किती सुटतात, विम्यावर किती, कर्जावर किती. तुम्ही सांगताय ती किंमत चांगलीच असेल. पण कंपनीचं बिल बघितलं तर मला बरं वाटेल."

घरी मालवणी बोलणारा सिद्धेश समदच्या कणकवलीतल्या शोरूममध्ये शिरल्यापासून शुद्ध मराठीत बोलत होता. जहाजावरून सुट्टीवर आला होता आणि स्वतःच्या कमाईची पहिली गाडी घेत होता. तीही स्पोर्ट्स कार, दोन दारांची, पिवळीधमक, पोट जमिनीला टेकायला आलेलं. ती घराची घाटी चढणार कशी, हा प्रश्न वाडीत त्याला सोडून सगळ्यांना पडला होता.

बाजूच्या खुर्चीत त्याचा बाप, गुरुदास. पायाशी हापूसची पेटी. बागेतली पहिली पेटी दरवर्षी समदच्या घरी जायची. यंदा गाडीसाठी यायचंच होतं, म्हणून ती शोरूममध्येच आणली होती.

समदने मोबाइलकडे पाहिलं नाही. त्याने गुरुदासकडे पाहिलं.

"झील इचारता, तर दाखव मरे," गुरुदास मुलाकडे बोट करून हसत म्हणाला. हसू त्याला नीट जमलं नाही.

समदचा बाप मुस्तफा आंब्याचा व्यापारी. गुरुदासच्या बापाचे आंबे तोच मुंबईला पाठवायचा आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी आणून द्यायचा. गुरुदासचा बाप ती पट्टी कधी उलगडून बघत नसे. दुमडलेली तशीच देवाच्या फोटोमागे खोचायचा आणि चहा टाकायला सांगायचा. पुढे गुरुदास आणि समदनेही तेच चालवलं. इकडून आंबे गेले, काजू गेले, तिकडून बागेसाठी जीप आली, पण या दोन घरांत भाव कुणी कुणाला विचारला नाही. गावातले व्यवहारी लोक याला वेडेपणा म्हणत. असेलही. त्या वेडेपणाचा दोघांनाही मोठा अभिमान होता.

समदने कपाटातून कंपनीचं बिल काढलं. सिद्धेशने हात पुढे केला होता, पण समदने कागद गुरुदासपुढे ठेवला.

"तूच वाच. झील माका कितको वळाखता? तू वळाखतंस."

चष्म्याशिवाय गुरुदासला अक्षर दिसत नसे आणि चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. समदला दोन्ही माहीत होतं. म्हणून तर त्याने कागद त्याच्यापुढे ठेवला होता. आता गुरुदास म्हणेल, चष्मो घराक रवलो, आणि कागद परत सरकवेल. मग नेहमीसारखं आंब्यांवर बोलणं निघेल. समद वाट बघत राहिला.

गुरुदासचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. आठवडाभर जेवताना मुलगा एकच गोष्ट सांगत होता, बाबा, व्यापारी तो व्यापारी. गुरुदास रोज त्याला गप्प बसवत होता. पण ऐकलेलं कुठेतरी मुरतंच. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

समदच्या काळजात चर्र झालं.

गुरुदासने ओळीखाली बोट फिरवत वाचलं. शेवटचा आकडा पुन्हा वाचला. समदने सांगितलेली किंमत त्या आकड्याहून कमी होती. नफा तर सोडाच, कारखान्यातून गाडी इथवर आणायचा खर्चही समदने आपल्या खिशातून घातला होता.

सिद्धेशने वाकून पाहिलं आणि खूश झाला. "म्हणजे भाव बरोबर आहे, बाबा."

गुरुदासने कागद उलटा ठेवला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"समद, माका तसा म्हणूचा नाय होता रे."

"माका ठावक आसा."

समदने त्याच किमतीवर सही केली. एक रुपया वाढवला नाही. चहा आला. सिद्धेशने पिऊन टाकला आणि तो काचेआडून गाडीचे फोटो काढायला लागला. गुरुदासच्या कपावर साय धरली.

निघताना गुरुदासने पेटी उचलून टेबलावर ठेवली. बिल तिच्याखाली गेलं. खोलीभर आंब्याचा वास सुटला.

"वयनीक सांग, दोन दिवस गवतातच रवांदे. मगे गोड होतीत."

समदने पेटीवर हात ठेवला. मग पाकीट काढलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"गुरुदास, पेटी केवढ्याक रे?"

बापाच्या आधी सिद्धेशच मदतीला धावला. त्याने मोबाइलवर बघून आजचा वाशीच्या बाजारातला भाव सांगितला. बरोबर सांगितला.

समद एकेक नोट टेबलावर ठेवू लागला. गुरुदास त्याच्याकडे बघत उभा राहिला. डोळ्यांवरचा चष्मा काढायचा राहूनच गेला होता, आणि त्या वाचायच्या चष्म्यातून समोरचा माणूस त्याला नीट दिसत नव्हता.