घसा सुजतो म्हणून

तिने खेकड्याचे पाय मुठीत धरून उकळत्या पाण्यात असे सोडले की पाणी उडून गॅसवर चर्र झालं. पुसायला तिने फडकं घेतलं नाही. आज ओटा घाण होणार होता. व्हायलाच हवा होता.

मग लसूण ठेचायला घेतला. पाकळ्यांचा केव्हाच लगदा झाला, तरी बत्ता थांबेना. बाहेरच्या खोलीत सासूबाई पडल्या होत्या. त्यांची झोप मोडेल म्हणून एरवी ती भांडंसुद्धा अलगद ठेवायची. आज तिने ताटली आदळली.

सकाळी बाजारात नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राची बायको भेटली होती. मासेवालीसमोर उभी राहून खेकडे निवडत होती. हिला पाहताच हसली. "अहो वहिनी, तुमच्या साहेबांसाठीच घेतेय बरं का! आमच्याकडचे खेकडे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मागच्या वेळी पातेलं पुसून खाल्लं. तुम्हाला आवडत नाहीत ना? ते म्हणाले मला, घरी बायकोला चालत नाही."

ती बाई बोलत राहिली. हिने मान डोलावली, हसलीसुद्धा. आणि ती निघून गेल्यावर मासेवालीसमोर पिशवी उघडून धरली.

बायकोला चालत नाही! खाडीकाठी वाढलेली ती. बाप टोपली घेऊन आला की सगळी भावंडं जमिनीवर गोल करून बसायची. दाढेखाली पाय धरायचा, एकदाच कट्टकन आवाज आणि आतला गर अख्खा बाहेर. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने हौसेने खेकडे रांधले होते. तिने पहिला पाय फोडून चोखला, तोच नवऱ्याने ताट बाजूला सारलं होतं. "मला ॲलर्जी आहे. घसा सुजतो. श्वास अडकेल."

तेव्हापासून हा विषय संपला. सासूबाई तर पहारेकरीच झाल्या. बाहेरून काही आणलं की आधी डबा हुंगायच्या. "एकुलता एक आहे गं माझा. जिवावर बेतायचं एखाद्या दिवशी." तिचं तरी काय वेगळं होतं? माहेरी गेली तरी ती खाईना. हाताला वास राहिला आणि त्याला त्रास झाला तर? आई चिडायची, भाऊ चेष्टा करायचे. पोरगी कॉलेजात गेली, तिने अजून खेकड्याची चव पाहिली नव्हती. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे ज्याने खाल्लं तो खुशाल होता आणि घास अडकला होता तो न खाणारीच्या घशात.

दार उघडलं. नवरा आत आला तो नाकाला रुमाल लावूनच.

"हे काय शिजवतेयस? माझा घसा…"

"सुजेल? सुजू दे. इतकी वर्षं नुसतं ऐकलंय, आज बघू तरी कसा सुजतो ते."

त्याने एकदा तिच्याकडे, एकदा पातेल्याकडे पाहिलं. "कोण काय म्हणालं तुला?"

"पातेलं पुसून खाल्लंत म्हणे."

तो खाली बसला. बूट काढले. मोजे काढले. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, किती जुनी गोष्ट ती. एवढा तमाशा कशाला?"

"खोटं का बोललात?"

"सरळ सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

"सांगा. आता वाटू दे वाईट."

"तू खात होतीस ते बघवेना मला." हे बोलून झाल्यावर त्याचाही आवाज चढला. "दातांनी कडाकडा फोडायचं, चोखायचं, कोपरापर्यंत ओघळ! ऑफिसच्या माणसांत तुला घेऊन बसायचं होतं मला. लाज वाटली. त्या मित्राकडे सगळे चिमट्याने फोडून, काट्याने खातात. माणसांसारखे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या ओठांपर्यंत आल्या, पण त्या त्याला पुऱ्या पडतील असं तिला वाटेना. तिने पातेलं उचललं, पाणी मोरीत ओतलं आणि लालबुंद झालेले पाय टेबलाच्या मधोमध परातीत पालथे केले. वाफ थेट त्याच्या तोंडावर गेली. वरून लसूण आणि मीठ फेकलं. खुर्ची ओढून बसली.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. भिंतीला धरून उभ्या होत्या. भिंत कसली, नुसता पत्र्याचा आडोसा. पलीकडे सगळं ऐकू गेलं असणार.

"आई, तू झोप जा," नवरा म्हणाला. "तुला हा वास सहन व्हायचा नाही."

आता लेकाची बाजू घेऊन त्या काय बोलतील ते बोलोत, एकालाही सोडायचं नाही, असं तिने ठरवलं. सासूबाईंनी मात्र भिंत सोडली. सावकाश येऊन तिच्या शेजारी बसल्या. बाह्या वर सारल्या. परातीतला सगळ्यात जाड पाय निवडला, सांध्यावर मोडला, दाढेखाली धरला. कट्टकन एकच आवाज झाला. आतला गर अख्खा बाहेर आला, कुठे तुटला नाही. रिकामं कवच त्यांनी चोखलं. ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तो त्यांनी पुसला नाही.

नवरा बघतच राहिला. "आई? तू… तुला कसं येतं हे?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. असं त्यांनी लेकाकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुझ्या वडिलांनाही हीच ॲलर्जी होती," त्या म्हणाल्या.