आठ टनांचा हट्ट

"नापास," म्हणत मामांनी वहीत फुली मारली.

कार्बनच्या कापडाचे थर चिकटवून तिने केलेला तुकडा यंत्राच्या जबड्यात बोल्टच्या भोकापाशी फाटला होता. काटा सात टनांवर.

"एका टनासाठी अडवताय?" ती म्हणाली.

"आठ म्हणजे आठ."

चाचणी विभागाच्या मामांना सगळं वर्कशॉप पाठीमागे नकारघंटा म्हणायचं. गिऱ्हाइकाच्या अटींचा कागद त्यांच्या खणात कुलूपबंद असे, किती भार पेलायला हवा तो आकडा ते तोंडी सांगत. छोट्या विमानाचा पंख धडाला जोडणारा हा सांधा. तिचा पहिला तुकडा पाच टनांना गेला, दुसरा सहाला, हा सातला. आता एकच संधी उरली होती. नाहीतर काम दुसरीकडे जाणार आणि तिच्या विभागाला टाळं लागणार.

हाच माणूस एकेकाळी तिच्या मुलीचे लाड करायचा. पोरगी शाळेतून थेट इथे यायची, मामांच्या टेबलावर अभ्यासाला बसायची. एकदा तिने कर्कटकाने टेबलाच्या कडेला आपली सही कोरली: दोन टिंबं आणि लांबलचक शेपटी. मामांनी पुढे टेबल दोनदा रंगवलं, सही तेवढी सोडून. आता मुलगी दूरच्या शहरात होती, विमान कंपनीत कागदपत्रं सांभाळते म्हणायची. वर आकाशात जायचं नाही, अशी आईने शपथच घातली होती.

ती फाटका तुकडा घेऊन बसली. भोकात धातूची कडी बसवून झाली होती, थर वाढवूनही झाले होते. कडी टिकायची, भोवतालचं कापड फाटायचं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! तिने नव्या तुकड्यात भोकाभोवतीचे काही थर कापून काढले आणि त्यांच्या जागी कागदाएवढा पातळ पोलादी पत्रा घातला. एक थर कापडाचा, एक पत्र्याचा. मग सगळं दाबून भट्टीत भाजलं.

चाचणीला सगळे जमले. पाच. सहा. सातावर तिने डोळे मिटले.

"आठ!" कुणीतरी ओरडलं.

मामांनी यंत्र थांबवलं नाही. नऊ. साडेनऊला खाडकन आवाज झाला. तिने डोळे उघडले. बोल्ट तुटला होता, भोक जसंच्या तसं!

टाळ्यांनी शेड दणाणली. "नकारघंटेची बोलती बंद!" कुणीतरी तोंडावरच म्हणालं. तिला आनंदाने हसू आणि रडू एकदमच आलं. मामा मात्र खुर्चीत टेकून चष्मा पुसत बसले.

"पास," ते म्हणाले. "आज झोप लागेल."

"तुम्हाला? झोप तर माझी उडवलीत!"

मामांनी खण उघडून कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला.

"चार टन? मामा, इथे चार लिहिलंय! माझा पहिलाच तुकडा पाच टनांचा होता!"

"खाली वाच."

खाली छापलं होतं: पहिलं उड्डाण करणाऱ्या वैमानिकाची सही. त्यापुढे निळ्या शाईत दोन टिंबं होती, आणि लांबलचक शेपटी.